आडवी खुंटी

मुरुमझरीत पोलिसांनी एक खुंटी पकडली. खुंटी लाकडाची होती, तिच्याजवळ काही सापडलं नाही आणि तिनं पळून जायचा प्रयत्नही केला नाही. तिला खांबासकट जीपमध्ये घालून नेलं. तिच्यासोबत जो माणूस नेला, तो परत आला तेव्हा पूर्वीइतका उरला नव्हता.

मग पोलीस कॅम्पवरून लेखी कळलं की असं काही घडलेलंच नाही. ती सरकारी माणसं, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार. तेव्हा आपणही घडलेलं नाही असंच धरून चालू, आणि गिटारीपासून सुरुवात करू.

गिटार हरिदास खोब्रागडेची. हरिदास मलेरियाच्या फवारणीवर होता. पाठीवर पंप घ्यायचा, गावोगाव घरांच्या भिंतींवर डीडीटी मारायची आणि दाराशेजारी गेरूनं तारीख टाकायची, हे त्याचं काम. डीडीटीनं डास मरत की नाही याबद्दल खात्यात दोन मतं होती. मांजरं मात्र मरत, त्याबद्दल एकमत होतं. त्यामुळे हरिदास ज्या गावात मुक्काम करी त्या गावचे उंदीर सुखात असत, आणि सुखातला उंदीर पहिल्यांदा लाकूड कुरतडून पाहतो.

मुरुमझरीत तो बायनाबाईच्या घरी भाड्यानं राही. गिटार त्यानं नागपूरला एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतली होती. आरमोरीला जयंतीच्या कार्यक्रमात यंदा भीमगीतांना पेटी-ढोलकीसोबत गिटारही वाजणार, असं त्यानं देवरावच्या गायन पार्टीला कबूल केलं होतं. देवराव आरमोरीभर सांगत फिरत होता की यंदा इलेक्ट्रिक गिटार येणार. गिटार इलेक्ट्रिक नव्हती. मुरुमझरीत इलेक्ट्रिकच नव्हती.

एका सकाळी गिटारीच्या कमरेशी उंदरानं दात लावलेले दिसले. त्या दिवसापासून हरिदास गिटारीला खाटेवर झोपवू लागला आणि आपण जमिनीवर पडू लागला. बायनाबाईनं हे पाहिलं आणि दारात उभी राहून बराच वेळ पाहतच राहिली.

"बाबू, बायको आनली असतीस तं तिले तरी असं खाटेवर झोपवलं असतंस काय?"

"बाई, उंदीर खाते तिले."

"मंग भिंतीले टांग न. डोमा काऊन हाय गावात?"

डोमा पोटावी काऊन, म्हणजे कशासाठी, होता हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. मुरुमझरीतले नांगर, खाटा, दारं, पाळणे, बैलगाडीचे धुरे, पोहा कांडायची मुसळं, सगळं डोमाच्या उजव्या हातातून निघालेलं. तो हात म्हणजे गावातला एकमेव कारखाना. त्या हाताला ताप आला तर पेरणी मागे जाई. डोमाची बायको मंगली म्हणायची, माह्या नवऱ्याचा डावा हात माहा, उजवा गावाचा.

मोहफुलं पडायचे दिवस होते. बाया पहाटेच टोपल्या घेऊन रानात गेलेल्या, गावभर तो गोड आंबूस वास. डोमा आपल्या अंगणात बसून कुणाच्या तरी कुऱ्हाडीला दांडा घालत होता. हरिदासनं गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. डोमानं ती उलटी केली, सुलटी केली, भोकात डोकावून पाहिलं, पाठीवर बोटानं टकटक केलं आणि बाळाला न्याहाळावं तशी न्याहाळली.

"पोकर हाय," तो म्हणाला.

"पोकर म्हनूनच वाजते, डोमाभाऊ. हिले टांगाले खुंटी पाहिजे. गऱ्याशी धराची, अशी, अन् खाली लोंबू द्याची. नागपुरात दुकानात लायनीनं तश्याच टांगून असते."

"गऱ्यानं?" डोमाचे हात गिटारीच्या गळ्याशी थांबले. "लायनीनं?"

"हो."

"अन् पोलीस काई म्हनत नाई?"

हरिदास हसला. डोमा हसला नाही. त्यानं गिटार मांडीवर आडवी केली आणि तिच्या मानेखाली हात घातला.

"गऱ्यानं टांगते ते मेलं रायते, बाबू. नाईतं मरून राह्यलं असते. बोलनारी वस्तू आडवी ठेवा लागते. मांदर आडवा रायते. ढोल आडवा रायते. बंदूकही आडवीच रायते."

"बंदूक कुठी बोलते?"

"बोलते न. एकच बोलते, पन बोलते."

हरिदासनं दोनदा समजावून पाहिलं, मग सोडून दिलं. वस्तू कोण बनवणार आहे यावर ती कशी बनणार हे ठरतं, आणि डोमाला जे पटत नसे ते त्याच्या हाताला येतच नसे. शिवाय आडवी गिटार भिंतीवर बरी दिसेल असं हरिदासला वाटलं. खरं तर झोपायला खाट परत मिळणार याचाच त्याला जास्त आनंद होता.

डोमानं शिवणीच्या वाळल्या फांदीतून दोन बेचके निवडले. मांदर हा लांबट ढोल शिवणीचा करतात, म्हणून खुंटीही शिवणीची, म्हणजे दोघांना एकमेकांची भाषा कळते, असं त्याचं म्हणणं. वाकसानं, म्हणजे सुताराच्या तासणीनं, साल उडवली, बेचक्यांच्या आतली बाजू गिटारीच्या अंगावर लावून लावून तासली. एका बेचक्यात मान बसणार, दुसऱ्यात बूड. दोन्ही बेचके एका आडव्या दांड्याच्या टोकांना जोडले की झाली एक खुंटी. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, म्हणून त्यानं भिंतीतल्या खांबालाच गिरमिटानं आरपार भोकं पाडली, पटाशीनं ती चौकोनी केली, दांड्यामागच्या शेपट्या त्यातून पलीकडे काढल्या आणि पलीकडून पाचर ठोकली. ठोकताना त्यानं शेवटचा ठोका हळू मारला, झोपलेल्याला उठवायचं नाही असा.

"आता खांब मोडल्याबिगर हे निंगत नाई," तो म्हणाला. हे वाक्य हरिदासला तेव्हा कौतुकाचं वाटलं.

गिटारीला ओरखडे पडू नयेत म्हणून बेचक्यांना मऊ काहीतरी लावायचं होतं. हरिदासनं आपल्या फवारणीच्या जुन्या पँटचा पाय कापून दिला. पँट खाकी होती. मग डोमानं लाकडाला मोहाच्या बियांचं तेल चोळलं, इतकं की संध्याकाळच्या उन्हात खुंटी चमकू लागली. मोबदला विचारला तर म्हणाला, जयंतीत वाजवून आलास का मले वाजवून दाखव.

खुंटी पाहायला गाव आलं. म्हातारा मुखरू काठी टेकत आला, खुंटीकडे पाहून म्हणाला, "हे तं माह्या बापाच्या भरमारीची खुंटी."

सगळे हसले, कारण ते खरं होतं. पूर्वी मुरुमझरीत काही घरी रानडुकरांसाठी लायसनच्या भरमारी, म्हणजे ठासणीच्या, बंदुका होत्या. वरच्या अंगाच्या जंगलात बंदूकवाले फिरू लागले तशा त्या सरकारनं जमा करून घेतल्या. खुंट्या भिंतींवर राहिल्या. आता त्यांच्यावर छत्र्या असत, दोरखंड असत, मुखरूच्या खुंटीवर त्याचं धोतर वाळे. त्या सगळ्या डोमानंच तरुणपणी बनवलेल्या. गावात लांब मानेची वस्तू दुसरी आलीच नव्हती, त्यामुळे डोमाच्या हातालाही दुसरी खुंटी ठाऊक नव्हती.

गिटार आठवडाभर तिथं सुखानं राहिली. उंदीर खाली बसून वर पाहत. मग तालमीसाठी हरिदास ती आरमोरीला देवरावकडे ठेवून आला, कारण फवारणीचा पंप आणि गिटार दोन्ही एका सायकलवर बसत नव्हते.

आणि त्याच सुमाराला शेजारच्या गावात कुणाची तरी बंदूक चोरीला गेली, असं कॅम्पवर कुणीतरी सांगितलं. त्या गावात बंदूक होती का, हे कुणी विचारलं नाही.

कॅम्प रस्त्यापलीकडच्या शाळेत होता. पोलीस आल्यापासून शाळेला सुट्टी होती आणि मुलांचं पोलिसांबद्दल मत चांगलं होतं. कॅम्पचे साहेब दूरच्या जिल्ह्यातून बदलीवर आलेले. इकडे बदली कशामुळे होते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी विचारत नाही. सकाळी ते शिपाई घेऊन घरोघर पाहत निघाले आणि बायनाबाईच्या घरात शिरून भिंतीसमोर थांबले. रिकाम्या खुंटीवर उन्हाची तिरीप पडली होती. ती चमकत होती.

हरिदास पंपात औषध कालवत होता. त्याला आत बोलावलं.

"इथं काय टांगतोस?"

"गिटार, साहेब."

"कुठाय?"

"आरमोरीले हाय."

"तिकडं काय करते?"

"प्रॅक्टिस."

साहेब शिपायाकडे वळले. "लिहा. माल आरमोरीला हलवला."

शिपायानं लिहिलं. साहेबांनी खुंटीवरून बोट फिरवलं, बोट हुंगलं. "तेल."

"मोहाच्या बियांचं हाय, साहेब. लाकडाले लावलं."

"बंदुकीलाही लावतात." मग त्यांनी बेचक्यातला कपडा नखानं उचलून पाहिला आणि त्यांचा आवाज फार मऊ झाला. हरिदासला तो आवडला नाही. "आणि ही खाकी कुठल्या शिपायाची?"

"माह्या पँटची."

"तू पोलिसात आहेस?"

"मी मलेरियात हाय."

बायनाबाई मधे पडली. "साहेब, भिंत माही हाय. काही असंल तं मले विचारा. त्या पोऱ्याले गिटारीबिगर काई समजत नाई, खाटेवर गिटार झोपवते हा."

"लिहा," साहेब म्हणाले, "खाटेवर लपवत असे."

बायनाबाईनं तोंड मिटलं. आपण बोललो की ते लिहिलं जातं, आणि लिहिलं की ते वेगळंच होतं, हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

"कुणी बनवली?"

हरिदासला वाटलं, आता सुटलो. खरं सांगणारा माणूस गावात एकच आहे आणि तो शेजारीच राहतो. "डोमाभाऊनं," तो म्हणाला. नाव घेताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

डोमा आला. हाताला लाकडाचा भुसा तसाच. खुंटीकडे पाहून तो ओळखीचं हसला.

"ही कशाची खुंटी?"

"गिटारीची, साहेब."

"बंदुकीची कशी असते?"

"अशीच रायते."

हरिदासनं डोळे मिटले.

"तू बंदुकीच्या बनवल्यास?"

"बनवल्या न. चांगल्या बनवल्या. एकही हालत नाई आजून."

साहेबांनी हरिदासच्या खांद्यावर हात ठेवला. "जा, तुझी गिटार घेऊन ये. ही खुंटी आम्ही नेतो, आणि हा तोवर आमच्याकडं बसेल. चहा पाजू त्याला."

खुंटी निघेना. चार जणांनी ओढली, लोंबकळून पाहिलं. मग त्यांनी डोमाकडूनच करवत घेतली, भिंत फोडून खांब वर-खाली कापला आणि मधला तुकडा खुंटीसकट उचलला. छप्पर एका बाजूनं खाली आलं, बायनाबाईच्या डोक्यापर्यंत येऊन थांबलं. डोमा जीपमध्ये बसताना म्हणाला, "साहेब, करवत आडवी नका ठेवू, दात मोडते." हे मात्र कुणी लिहिलं नाही.

हरिदासनं आरमोरीचा रस्ता कसा काढला त्यालाच कळलं नाही. देवरावच्या घरून गिटार घेतली, धूळ लागू नये म्हणून चादरीत गुंडाळली आणि सायकलच्या दांडीला लांबट बांधली. देवराव मागून ओरडत होता, "अरे, तालीम हाय न आज!" सांगायला वेळ नव्हता. लांब, चादरीत गुंडाळलेली, मान असलेली वस्तू घेऊन आपण पोलीस कॅम्पकडे जोरात सायकल मारत चाललो आहोत, हे त्याला कॅम्पच्या फाटकात समजलं. पहाऱ्यावरचा शिपाई किंचाळला आणि सगळा कॅम्प जमिनीवर आडवा झाला.

कुणीच हललं नाही. हरिदासही सायकलवर एक पाय टेकून उभाच राहिला. मग चादरीखाली एक तार आपोआप वाजली, बारीक, लांबलेली. आडव्या झालेल्यांतून साहेब पहिल्यांदा उठले आणि त्यांनी गुडघे झटकले. त्यांना कुणी हसलं नाही. हसलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

खांबाचा तुकडा शाळेच्या व्हरांड्यात टेकवून ठेवला होता. साहेबांनी स्वतः गिटार उचलली आणि खुंटीवर ठेवली. मान एका बेचक्यात बसली, बूड दुसऱ्यात, कुठे केसाएवढी फट नाही. जणू गिटार त्या खांबालाच आली होती. हरिदासचा श्वास मोकळा झाला.

"बसली की," साहेब म्हणाले.

"हो साहेब. डोमाभाऊचं काम तसंच हाय. वस्तू मांडीवर घेतल्याबिगर तो खुंटी करतच नाई."

"असं?"

"हो."

साहेबांनी पुन्हा एकदा गिटार उचलून ठेवली. पुन्हा ती तशीच बसली. ते बराच वेळ पाहत राहिले, आणि हरिदासला वाटू लागलं की ती जरा कमी नीट बसली असती तर बरं होतं.

"म्हणजे ज्या ज्या बंदुकीची खुंटी यानं केली, ती बंदूक याच्या मांडीवर येऊन गेली आहे," साहेब म्हणाले. "कुणाची, किती लांब, सगळं याला ठाऊक. हुशार माणूस शोधून दिलास. गिटार घेऊन जा. तिच्याबद्दल आमची काही तक्रार नाही."

"अन् डोमाभाऊ?"

"चहा पितोय."

व्हरांड्याच्या टोकाला एक दार बंद होतं. त्याच्यावर 'इयत्ता तिसरी' लिहिलं होतं. हरिदास थांबला. आतून एक आवाज आला, लाकडावर लाकूड पडल्यासारखा. थोड्या वेळानं पुन्हा आला. तो लाकडाचाच आवाज आहे असं हरिदासनं ठरवलं. फाटकापर्यंत तो तसं ठरवतच गेला.

मंगली हरिदासच्या दारात बसली होती, मोहाची टोपली तशीच भरलेली. तिनं सायकलच्या मागे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग चादरीकडे पाहिलं.

"मानूस देऊन बाजा आनलास?" ती म्हणाली. एवढंच. मग उठली आणि कॅम्पच्या रस्त्याला लागली. रोज ती जाई, फाटकासमोर बसे आणि परत येई. हरिदासही जाई. इथे असा कुणी माणूस नाही, असं त्यांना सभ्यपणे सांगण्यात येई.

गावात खुंट्या उपटणं सुरू झालं. कुणी कुणाला सांगितलं नाही. मुखरूनं आपलं धोतर काढून घेतलं आणि बापाची खुंटी चुलीत घातली. ज्यांच्या खुंट्या निघाल्या नाहीत त्यांनी त्या भिंतीसकट लिंपून टाकल्या. छत्र्या जमिनीवर आल्या. भिंतींना फुगवटे आले. त्या फुगवट्यांवरून हरिदासला डीडीटी मारावी लागली. दाराशेजारी तारीख टाकताना त्याचा हात थांबायचा, कारण आजची तारीख टाकली की डोमा आज नव्हता हे लिहिल्यासारखं होई.

आरमोरीत जयंती झाली. पेटी आणि ढोलकी होती. हरिदास गेला नाही.

डोमा एका सकाळी धानाच्या बांधावरून चालत आला. अंगावर तोच सदरा. उजवा हात गमछ्यात गुंडाळलेला. मंगली पुढे धावली नाही, ती जागीच उभी राहिली आणि त्याच्या हाताकडे पाहत राहिली. अंगणात येऊन तो आपल्या नेहमीच्या जागी बसला. डाव्या हातानं वाकस उचलून उजव्यात ठेवला. वाकस खाली पडला. त्यानं पुन्हा ठेवला. पुन्हा पडला.

"तीन बोटं आयकत नाई," तो म्हणाला. दुसऱ्याच कुणाच्या लेकरांबद्दल बोलावं तसा.

"काय विचारलं त्याईनं, डोमाभाऊ?"

"नावं. बंदुका कोनाच्या होत्या म्हने. म्या म्हनलं सरकारनंच जमा केल्या, सरकारले विचारा. ते म्हनले जमा केल्या त्या सोडून. म्या म्हनलं त्या सोडून नाईच." त्यानं हात मांडीवर आडवा ठेवला, मांदर ठेवतात तसा. "मंग ते म्हनले, हात बरा हाय तुहा. मले वाटलं कौतुक करून राह्यले."

कुणीतरी कुऱ्हाड घेऊन दांडा बसवायला आलं होतं, ते कुंपणाशीच थांबलं आणि परत गेलं.

"गिटार कुठी हाय?" डोमानं विचारलं.

"खाटेवर."

"खाटेवर नको ठेवू. ते आले का खाट पाह्यते."

"मंग कुठी ठेवू?"

डोमा शेजारच्या बायनाबाईच्या भिंतीतल्या भगदाडाकडे पाहत होता. तिथून पलीकडचं रान दिसे.

"वाश्याले दोरी बांध," तो म्हणाला. "गऱ्यानं टांग."

हरिदासनं टांगली. वारा आला की ती जागेवरच हळूहळू फिरते. उंदीर दोरीनं उतरतात.

पुढे बायनाबाईनं हरिदासच्या मागे लकडा लावला की छप्पर डोक्यावर येऊन राह्यलं, तुले लिहिता येते तं लिही. त्यानं खांब परत मिळण्याबद्दल अर्ज केला. उत्तर आलं: मुरुमझरी येथे कोणतीही झडती घेतलेली नाही, कोणतीही खुंटी जप्त केलेली नाही, कोणत्याही इसमास चौकशीसाठी आणलेले नाही, सबब परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. बायनाबाईला त्यानं ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, मंग माह्या घरात हे भगदाड काय मी नवऱ्याची वाट पाहाले पाडलं? तिचा नवरा वारून बारा वर्षं झाली होती.

तेव्हा हरिदासनं दुसरा अर्ज लिहिला. खात्यात राहून त्याला अर्जाची भाषा चांगली येत होती. लिहिताना डोमा समोरच बसला होता, आणि सही कुठे करायची असं विचारून त्यानं डावा अंगठा पुढे केला.

मा. कॅम्प प्रमुख साहेब यांचे सेवेशी,

विषय: न घडलेल्या प्रकरणी ताब्यात राहिलेल्या वस्तू परत मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून नम्रपणे सादर करण्यात येते की, आपल्या पत्रानुसार मौजे मुरुमझरी येथे काहीही घडलेले नाही, हे आम्हांस मान्य आहे. तथापि जे घडले नाही त्यामध्ये खांबाचा एक तुकडा, शिवणीची एक आडवी खुंटी व करवत एक या वस्तू आपल्याकडे राहून गेल्या आहेत. त्या आपणास उपयोगी असल्यास ठेवून घ्याव्यात, त्याबाबत आमची तक्रार नाही. परंतु अर्जदार डोमा पोटावी यांच्या उजव्या हाताची तीन बोटेही त्याच वेळी आपल्याकडे राहिली असून, नांगरणीचा हंगाम जवळ आला असल्याने त्यांची गावास नितांत आवश्यकता आहे. तरी सदर बोटे, वाकस धरण्यायोग्य स्थितीत, मूळ जागी बसवून, पेरणीपूर्वी परत करण्याची कृपा व्हावी, ही विनंती.